पाण्याच्या नावाचा देश

प्रस्तावना

पूर्वी एखादा माणूस दूरच्या यात्रेहून परतला की गावातील लोक त्याच्याभोवती जमत आणि परमुलखाच्या गोष्टी ऐकत. त्याने जे पाहिले, तेच गावाच्या ज्ञानात भर घालत असे. त्याने चुकीचे पाहिले असेल, तर ती चूकही गावाची होऊन जाई. आज अनेक विद्यालये आणि महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या गटांसाठी परदेशांत अभ्याससहली काढतात. अशा सहलीत निसर्गदर्शन असते, मौजही असते. परंतु तिचा मुख्य हेतू दुसऱ्या समाजाला समजून घेणे हा असतो.

प्रस्तुत पाठात व्हिएतनाम या आग्नेय आशियातील देशाच्या अभ्याससहलीची ओळख करून दिली आहे. तुमच्यापैकी काहीजण कधीतरी या देशाला भेट देतील, काहीजणांना कदाचित ती संधी मिळणार नाही. परंतु अनोळखी समाजाकडे कसे पाहावे, हा प्रश्न रोजगारासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसालाही पडतो आणि शेजारी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाविषयीही पडतो. म्हणून हा पाठ प्रवासवर्णन म्हणून वाचा, तसाच पाहण्याच्या रीतीचा पाठ म्हणूनही वाचा.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :
• व्हिएतनामची भूरचना, संस्कृती व निसर्ग यांची माहिती सांगू शकाल;
• पर्यटन आणि अभ्याससहल यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• भाषेतील शब्दांतून समाजजीवन कसे प्रकट होते, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
• निसर्गावरील संकटांची कारणे समजून घेऊन त्यांविषयी मत मांडू शकाल;
• समाहार द्वंद्व समास ओळखू शकाल आणि 'पाणी' या शब्दावर आधारित वाक्प्रचारांचा उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

(१) शिदोरीत एक शब्द

परदेशी जायचे म्हणजे पारपत्र, प्रवेशपरवाना, विमा, औषधे, चलन अशी मोठी तयारी असते. ही तयारी प्रत्येक प्रवासी करतो. अभ्याससहलीला निघालेल्या गटाला आणखी एक तयारी करावी लागते, ती म्हणजे त्या देशाची भाषा, इतिहास आणि भूगोल यांची प्राथमिक ओळख करून घेण्याची.

व्हिएतनामी भाषेत 'नुओक' या शब्दाचा अर्थ आहे पाणी. याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे देश. 'दात' म्हणजे माती. 'दात नुओक', म्हणजे माती आणि पाणी, हे दोन शब्द जोडले की 'मायदेश' असा अर्थ होतो. त्या लोकांच्या जेवणात रोज लागणारा, खारवलेल्या माशांपासून बनवलेला पातळ रस म्हणजे 'नुओक माम'. डोळ्यांतले अश्रू म्हणजे 'नुओक मात', अर्थात डोळ्यांचे पाणी. एकाच शब्दात स्वयंपाकघर, दुःख आणि देश सामावलेले आहेत. विद्यार्थ्यांच्या गटाने हा एक शब्द शिदोरीसारखा बरोबर घेतला, तर पुढच्या प्रवासात दिसणाऱ्या अनेक गोष्टींचा अर्थ त्याला लागत जातो.

नकाशाकडे पाहिले तरी हे पटते. सुमारे ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटरचा हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडाच मोठा आहे. पण तो उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर पसरला आहे आणि मध्यभागी एके ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम ५० किलोमीटर आहे. त्याला ३,२०० किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. उत्तरेला तांबड्या नदीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश आणि दोहोंना जोडणारी डोंगरांची चिंचोळी पट्टी. व्हिएतनामी लोक आपल्या देशाच्या आकाराला कावडीची उपमा देतात. कावडीच्या दोन्ही टोकांना भाताच्या दोन टोपल्या आणि मध्ये खांद्यावर वाकलेली बांबूची काठी!

(२) हनोई : नद्यांच्या आतील नगर

सहलीचा आरंभ बहुधा राजधानी हनोईपासून होतो. 'हा नोई' या नावाचा अर्थ 'नदीच्या आत' असा आहे. इ. स. १०१० मध्ये राजा ली थाय तो याने येथे राजधानी आणली, तेव्हा तिचे नाव 'थांग लाँग', म्हणजे वर झेपावणारा ड्रॅगन, असे होते.

या नगरातील 'वान मिएउ' हे विद्यामंदिर विद्यार्थ्यांना विशेष आपलेसे वाटते. कन्फ्यूशियसच्या स्मरणार्थ १०७० मध्ये त्याची उभारणी झाली आणि १०७६ मध्ये तेथे राजविद्यालय सुरू झाले. तेथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलास्तंभ उभे आहेत. १४४२ ते १७७९ या काळातील सर्वोच्च राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्या तेराशेहून अधिक विद्वानांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. परीक्षेपूर्वी कासवाच्या मस्तकावरून हात फिरवला की यश मिळते, अशी विद्यार्थ्यांची समजूत होती. त्या असंख्य स्पर्शांनी दगड झिजू लागले, म्हणून आता भोवती कठडे बांधले आहेत.

परंतु ज्या नावांना दगडावर जागा मिळाली, त्यांत एकही नाव स्त्रीचे नाही. कारण त्या परीक्षांना बसण्याची मुभा स्त्रियांना नव्हती. शेतात राबणाऱ्या बहुसंख्य लोकांनाही विद्येचे दार बंदच होते. १९४५ मध्ये देश स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली, तेव्हा दहांपैकी नऊ माणसे निरक्षर होती. त्याच वर्षी उत्तरेत भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मृत्युमुखी पडली होती. अशा स्थितीत नव्या सरकारने सप्टेंबर १९४५ मध्ये जनशिक्षणाची मोहीम सुरू केली. ज्याला अक्षरे येतात त्याने न येणाऱ्याला शिकवावे, हे तिचे सूत्र होते. दिवसभर शेतात काम करून माणसे रात्री दिव्याच्या उजेडात बसत. सुमारे वर्षभरात पंचवीस लाख लोक लिहू-वाचू लागले, असे त्या मोहिमेचे अधिकृत आकडे सांगतात. काही गावांत तर बाजाराच्या वाटेवर फळा लावलेला असे. त्यावरील अक्षरे वाचता आली तर सरळ वाटेने जायचे, नाही तर 'आंधळ्यांच्या दारातून' जायचे. या युक्तीने अनेकांना शिकण्याची ईर्ष्या दिली. पण प्रौढ माणसाला चारचौघांत असे लाजवणे योग्य होते का, हा प्रश्नही गटाच्या चर्चेत यायला हवा.

ही मोहीम इतक्या वेगाने चालली, याचे एक कारण लिपी हे होते. पूर्वी व्हिएतनामी भाषा चिनी चिन्हांवर आधारलेल्या 'नोम' लिपीत लिहीत. ती शिकायला अनेक वर्षे लागत. सतराव्या शतकात युरोपीय धर्मप्रसारकांनी रोमन अक्षरांवर खुणा जोडून नवी लिपी घडवली. १६५१ मध्ये रोम येथे अलेक्झांडर द रोड याचा शब्दकोश त्या लिपीत छापला गेला. परक्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली ही लिपी पुढे व्हिएतनामी लोकांनी स्वतःच्या जागृतीचे साधन बनवली.

त्या खुणांना फार महत्त्व आहे. 'मा' हा एकच ध्वनी सहा वेगवेगळ्या सुरांत उच्चारला की त्याचे भूत, आई, 'पण', थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ होतात. दुभाष्याच्या मदतीशिवाय बोलण्याचा प्रयत्न करणारा पाहुणा आईऐवजी घोडा म्हणून बसतो आणि ऐकणारे हसतात. त्या हसण्यात बहुधा कौतुकच असते.

संबोधनांची रीत मात्र मराठी माणसाला ओळखीची वाटेल. व्हिएतनामी भाषेत 'मी' आणि 'तू' यांच्या जागी बहुधा नातेवाचक शब्द वापरतात. थोडा मोठा पुरुष 'आन्ह' म्हणजे दादा, थोडी मोठी स्त्री 'ची' म्हणजे ताई, लहान माणूस 'एम', आईवडिलांहून वडील माणूस 'बाक'. समोरच्याला काय म्हणायचे हे वयावरून ठरते. म्हणून पहिल्याच भेटीत वय विचारले जाते. परक्या पाहुण्याला हा आगाऊपणा वाटतो. वास्तविक तो नाते ठरवण्याचा प्रयत्न असतो. राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांनाही तेथील जनता 'बाक हो', म्हणजे हो काका, असेच म्हणते.

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) व्हिएतनामी लोक आपल्या देशाच्या आकाराला ............ उपमा देतात.
(२) वान मिएउ येथील शिलास्तंभ दगडी ............ पाठीवर उभे आहेत.
(आ) पहिल्या भेटीत व्हिएतनामी माणूस वय का विचारतो?

(३) पाण्यावरची बाहुली, पाण्यातले डोंगर

हनोईत संध्याकाळी जलबाहुल्यांचा खेळ पाहता येतो. या कलेचा उल्लेख ११२१ मधील एका शिलालेखात आहे. रंगभूमी म्हणजे पाण्याचे कुंड. बांबूच्या पडद्यामागे कलावंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि पाण्याखालून लांब काठ्यांनी लाखेचा लेप दिलेल्या लाकडी बाहुल्या नाचवतात. आपल्याकडील कळसूत्री बाहुल्यांची दोरी निदान दिसते. येथे पाणीच सारे रहस्य पोटात ठेवते. विषय असतात भातलावणीचे, मासेमारीचे, बदकांमागे धावणाऱ्या कोल्ह्याचे. भाताची खाचरे पाण्याने भरली की त्याच पाण्यावर करमणूक उभी करणाऱ्या शेतकऱ्यांची ही कला आहे.

हनोईच्या पूर्वेला हा लाँग उपसागर आहे. 'हा लाँग' म्हणजे खाली उतरलेला ड्रॅगन. शत्रूला अडवण्यासाठी ड्रॅगनमातेने तोंडातून रत्ने उधळली आणि त्यांची बेटे झाली, असे लोककथा सांगते. भूगर्भशास्त्र वेगळी कथा सांगते. प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीचे थर वर उचलले गेले. पावसाच्या किंचित आम्लयुक्त पाण्याने ते लक्षावधी वर्षे विरघळत राहिले. डोंगर सुटे झाले आणि पुढे समुद्राची पातळी वाढून मधल्या दऱ्या बुडाल्या. पाण्याबाहेर राहिलेली शिखरे म्हणजेच आजची दीड हजारांहून अधिक बेटे. दोन्ही कथांत घडवणारे पाणीच आहे. १९९४ मध्ये युनेस्कोने या उपसागराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जवळच्या बाक दांग नदीने देशाचा इतिहास घडवला. सुमारे हजार वर्षे चिनी सत्तेखाली राहिल्यानंतर ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनापतीने नदीच्या तळात लोखंडी टोकांचे लाकडी खांब रोवले. भरतीच्या वेळी शत्रूची जहाजे त्यांवरून आत आली. ओहोटी लागताच ती खांबांवर अडकून फुटली. पाण्याचे वेळापत्रक ज्याला ठाऊक होते, त्याचा विजय झाला.

उपसागरात मच्छीमारांची तरंगती गावे होती. होडीवर घर, होडीवर दुकान, तराफ्यावर शाळा. २०१४ मध्ये तेथील बहुतेक कुटुंबांचे किनाऱ्यावर पुनर्वसन करण्यात आले. मुलांना नियमित शाळा मिळाली, दवाखाना जवळ आला, उपसागरातील घाणही कमी होण्यास मदत झाली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहिलेल्या माणसांना जमिनीवरचा रोजगार नव्याने शोधावा लागला. 'किती सुंदर होती ती गावे!' असे म्हणणाऱ्या पर्यटकाला तेथे राहावे लागत नव्हते, हे अभ्यासकाने विसरू नये. त्याचबरोबर, कोणाचेही घर हलवताना काय हरवते, याची नोंदही त्याने केली पाहिजे.

मध्य व्हिएतनाममधील फाँग न्या–के बांग राष्ट्रीय उद्यानात निसर्गाचे आणखी एक नवल आहे. १९९०च्या सुमारास जंगलात भटकणाऱ्या एका गावकऱ्याला सापडलेल्या 'सन डाँग' गुहेचे २००९ मध्ये सर्वेक्षण झाले आणि ती आकारमानाने जगातील सर्वांत मोठी ज्ञात गुहा ठरली. तिच्यातून नदी वाहते. छत कोसळले तेथे सूर्यप्रकाश पोहोचून आत जंगल वाढले आहे. मात्र वर्षाला सुमारे एक हजार लोकांनाच तेथे प्रवेश दिला जातो. सौंदर्य टिकवायचे असेल, तर ते पाहण्याच्या हक्कालाही मर्यादा घालावी लागते.

(४) मी सन : ओळखीचे आणि अनोळखी

दा नांग शहराच्या नैर्ऋत्येला, डोंगरांच्या कुशीत मी सन येथे लाल विटांची मंदिरे आहेत. ती चंपा राज्यातील चाम लोकांनी बांधली. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने येथे 'भद्रेश्वर' या नावाने शिवाची स्थापना केली. पुढे अनेक शतके मंदिरे उभी राहत गेली. त्यांचे संस्कृत व चाम भाषांतील शिलालेख आजही वाचता येतात. विटांचे सांधे इतके बेमालूम आहेत की त्या कशा जोडल्या, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

१९६९ मधील अमेरिकी बाँबवर्षावात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. १९९९ मध्ये मी सनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ ते २०२२ या काळात तेथील काही मंदिरसमूहांचे जतनकार्य केले. त्या कामातच मे २०२० मध्ये वालुकाश्माचे एकसंध शिवलिंग उजेडात आले.

शिवलिंग, नंदी, संस्कृत अक्षरे पाहिली की भारतीय विद्यार्थ्याच्या तोंडून सहज निघते, 'हे तर आपलेच!' हा आनंद स्वाभाविक आहे. परंतु तो अपुरा आहे. चाम शिल्पींनी परदेशातून आलेली कल्पना स्वीकारली आणि आपल्या मातीच्या विटांत, आपल्या चेहरेपट्टीच्या देवतांत तिला नवे रूप दिले. त्यांचे वंशज आजही मुख्यतः दक्षिण-मध्य किनाऱ्याकडे राहतात. त्यांच्यात हिंदू परंपरा जपणारे आहेत, तसेच इस्लामी परंपरा पाळणारेही आहेत. मी सनमध्ये केवळ भारत पाहणारा विद्यार्थी चाम लोकांना न पाहताच परत येतो.

तेथून जवळच होई आन हे जुने बंदर आहे. चिनी, जपानी, युरोपीय व्यापारी येथे येत. त्यांच्या घरांत, पुलांवर, सभागृहांत ही सरमिसळ दिसते. पावसाळ्यात थू बोन नदीचे पाणी गल्ल्यांत शिरते. काही जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या उंचीच्या खुणा वर्षांसह नोंदलेल्या आहेत. माडीच्या तळात झडप ठेवलेली असते. पाणी चढू लागले की सामान तेथून वर ओढून घेतात. पुराशी भांडण न करता त्याच्यासाठी घरात जागा ठेवणारी ही रचना पाहण्यासारखी आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) चूक की बरोबर ते लिहा.
(१) जलबाहुल्यांचे कलावंत पाण्यात उभे राहून खेळ करतात.
(२) मी सन येथील मंदिरे भारतातून आलेल्या राजाने एकाच वेळी बांधली.
(आ) सन डाँग गुहेतील प्रवेशावर मर्यादा का घातली असावी?

(५) युद्धाचे नाव आणि जंगलाचे पुनरागमन

दक्षिणेतील हो ची मिन्ह शहर हे देशातील सर्वांत मोठे शहर. १९७६ पूर्वी त्याचे नाव सायगाव होते. तेथील युद्धावशेष संग्रहालयात शिरताच हसतखेळत आलेला गट शांत होतो. १९७५ मध्ये संपलेल्या युद्धातील छायाचित्रे तेथे आहेत. जगातील बहुतेक पुस्तकांत त्या युद्धाला 'व्हिएतनाम युद्ध' म्हणतात. व्हिएतनाममध्ये मात्र 'अमेरिकेविरुद्धचे युद्ध' म्हणतात. एकच घटना, पण नाव देणारा बदलला की वाक्यातील कर्ता बदलतो. संग्रहालयातील मांडणीही एका बाजूने केलेली आहे, हे जाणूनच ती पाहावी. परंतु छायाचित्रांतील वेदना त्यामुळे खोटी ठरत नाही.

१९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून अधिक वनस्पतिनाशके फवारली. जंगलात लपलेल्या सैनिकांचा आसरा आणि त्यांचे धान्य नष्ट करणे हा हेतू होता. त्यांतील एका रसायनात डायॉक्सिन हे अत्यंत घातक विष होते. त्याचे दुष्परिणाम अनेक कुटुंबांना पुढेही भोगावे लागले आहेत. शहराच्या दक्षिणेकडील कान झो येथील खारफुटीचे विस्तीर्ण कांदळवन या फवारणीत उजाड झाले.

१९७८ पासून तेथे पुन्हा लागवड सुरू झाली. दक्षिण टोकाच्या का माऊ भागातून रोपबीजे आणली गेली आणि गुडघाभर चिखलात उभे राहून माणसांनी ती हाताने रोवली. हळूहळू मासे, खेकडे, पक्षी आणि माकडे परतली. २००० मध्ये युनेस्कोने कान झोला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. होडीतून जाताना दोन्ही तीरांवर दिसणारी दाट हिरवी भिंत एका पिढीच्या मेहनतीने उभी राहिली आहे. संग्रहालय आणि हे वन, दोन्ही एकाच प्रवासात पाहावीत. पहिले पाहून दुसरे न पाहिल्यास व्हिएतनाम म्हणजे केवळ युद्ध असे वाटेल. दुसरे पाहून पहिले न पाहिल्यास त्या हिरवाईची किंमत कळणार नाही.

(६) नऊ ड्रॅगनांची तहान

सहलीचा शेवटचा टप्पा मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशाचा. सहा देशांतून वाहत आलेली ही महानदी येथे अनेक फाट्यांनी समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिला 'कुऊ लाँग', म्हणजे नऊ ड्रॅगन, म्हणतात. देशातील निम्म्याहून अधिक तांदूळ या प्रदेशात पिकतो. कान थो शहराजवळ काय रांग हा तरंगता बाजार पहाटे भरतो. प्रत्येक होडीच्या उंच बांबूवर जे टांगलेले असेल, ते तिच्यात विकायला आहे असे समजायचे : अननस, भोपळा, कांदे. बांबूवर झावळ्यांचे छप्पर टांगले असेल, तर होडीच विकायची आहे! रस्ते आणि पूल वाढल्यापासून मात्र तेथील होड्यांची संख्या घटत गेली आहे.

त्याहून मोठे संकट पाण्याचेच आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम मीटरभर उंच, त्याहूनही कमी. वरच्या अंगाच्या धरणांत गाळ अडतो. बांधकामासाठी नदीतून वाळू उपसली जाते. भूजल उपशामुळे जमीन खचते आणि हवामानबदलामुळे समुद्र चढतो. नदीचा जोर ओसरला की खारे पाणी आत शिरते. २०१६ आणि २०२० च्या कोरड्या ऋतूंत ते इतके आत आले की भाताची शेते करपली आणि सभोवती पाणी असताना पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागले. ज्या भाषेत पाणी आणि देश यांना एकच शब्द आहे, तेथे पाणी खारट होणे म्हणजे काय, हे शब्दकोशाशिवाय कळते.

काही शेतकऱ्यांनी यातून वाट काढली आहे. पावसाळ्यात गोडे पाणी असेल तेव्हा भात आणि कोरड्या ऋतूत खारे पाणी आले की त्याच शेतात कोळंबी. गोव्यातील खाजन शेती आणि केरळमधील पोक्काळी शेती यांच्याशी याचे साम्य आहे. मात्र जेथे खारेपणा फार वाढतो, तेथे ही युक्तीही पुरत नाही आणि तरुण माणसे शहरांकडे जातात. कोणताही शेतकरी एकटा धरणांचा किंवा समुद्राचा प्रश्न सोडवू शकत नाही. त्यासाठी नदीकाठच्या साऱ्या देशांना एकत्र यावे लागेल.

(७) परतल्यावर

अभ्याससहल विमानतळावर संपत नाही. परतल्यावर अहवाल लिहायचा असतो. चांगल्या अहवालात 'काय पाहिले' याबरोबर 'आधी काय वाटत होते आणि पाहिल्यावर काय बदलले' हेही लिहिलेले असते. वय विचारणे हा आगाऊपणा वाटला होता, ते नाते निघाले. मी सन आपलेच वाटले होते, ते चाम लोकांचे निघाले. व्हिएतनाम म्हणजे युद्ध वाटले होते, तेथे चिखलात रोपे लावणारी माणसे निघाली. अशा दुरुस्त्यांची यादी जितकी लांब, तितकी सहल सार्थकी लागली असे समजावे.

पाठगत प्रश्न ३
(अ) कान झो येथील कांदळवन कशामुळे उजाड झाले?
(आ) मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात खारे पाणी शिरण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाद्य
कावड – दोन्ही टोकांना ओझे अडकवून खांद्यावर वाहण्याची काठी
ईर्ष्या – (येथे) जिद्द, चढाओढीची भावना
बेमालूम – लक्षात न येणारे
कांदळवन – खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीचे वन
त्रिभुज प्रदेश – नदीच्या मुखाशी गाळाने बनलेला प्रदेश

भाषाभ्यास

(अ) 'दात नुओक' या शब्दात 'माती' आणि 'पाणी' एकत्र येतात. पण अर्थ त्या दोहोंपुरता न राहता 'देश' असा व्यापक होतो. मराठीतही अशी रचना आहे. 'मीठभाकर' म्हणजे केवळ मीठ आणि भाकर नव्हे, तर साधे जेवण. ज्या समासाचा विग्रह करताना त्यातील पदांच्या अर्थाबरोबर त्याच प्रकारच्या इतर गोष्टींचाही समावेश केला जातो, त्याला समाहार द्वंद्व समास म्हणतात. उदा., अंथरूणपांघरूण – अंथरूण, पांघरूण व इतर तत्सम वस्तू.

(आ) 'पाणी' या शब्दाने मराठीलाही अनेक वाक्प्रचार दिले आहेत.
पाणी जोखणे – सामर्थ्य ओळखणे
पाणी सोडणे – हक्क किंवा आशा सोडून देणे
पाण्यात पाहणे – अतिशय द्वेष करणे
तोंडचे पाणी पळणे – अतिशय घाबरणे

तुम्ही काय शिकलात

• दुसऱ्या समाजाची भाषा समजून घेतली की त्याचे जीवन समजण्यास मदत होते.
• व्हिएतनामची शेती, कला, इतिहास आणि आजची संकटे पाण्याशी जोडलेली आहेत.
• साम्य पाहून आनंद मानावा, पण फरकही नीट पाहावा.
• निसर्गाची हानी माणूस करतो. काही वेळा ती भरून काढण्याचे कामही माणूसच करतो.

स्वाध्याय

१. पर्यटन आणि अभ्याससहल यांतील फरक पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
२. 'एकच घटना, पण नाव देणारा बदलला की वाक्यातील कर्ता बदलतो.' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. बाजाराच्या वाटेवर निरक्षर प्रौढांची परीक्षा घेण्याची पद्धत तुम्हांला योग्य वाटते का? कारणांसह मत लिहा.
४. तरंगत्या गावांचे पुनर्वसन करताना काय मिळाले व काय गमावले, ते लिहा.
५. पुढील शब्दांचा विग्रह करा : भाजीपाला, चहापाणी, केरकचरा.
६. भाषाभ्यासातील चार वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून राहायला आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिच्या भाषेत पाणी, आई आणि देश यांना काय म्हणतात, ते विचारा. त्या व्यक्तीविषयी तुमचा कोणता समज बदलला, ते दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (१) कावडीची (२) कासवांच्या. (आ) समोरच्या व्यक्तीला कोणत्या नातेवाचक शब्दाने संबोधायचे, हे वयावरून ठरत असल्यामुळे.
२. (अ) (१) बरोबर (२) चूक. (आ) माणसांच्या गर्दीने गुहेतील नैसर्गिक रचना व जीवसृष्टी यांची हानी होऊ नये म्हणून.
३. (अ) युद्धकाळात फवारलेल्या वनस्पतिनाशकांमुळे. (आ) धरणांत गाळ अडणे, वाळूउपसा, भूजलउपशाने जमीन खचणे, समुद्राची पातळी वाढणे यांपैकी कोणतीही दोन.